क्लोंडाइकचे सोने ओंजळीने उचलायचे नव्हते

क्लोंडाइकच्या सोन्यावर एक मजकूर कायम फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: १८९६ साली अलास्कातल्या क्लोंडाइक नदीत जॉर्ज कार्मॅक या अमेरिकन माणसाला सोने दिसले. त्याआधी त्या मुलखात कुणी फिरकलेही नव्हते. मग लाखभर लोक धावले, नदीकाठी परात घेऊन बसले आणि मालामाल झाले. कॅनडाने माणशी एक टन सामानाचा विचित्र कर लादला. दोन वर्षांत सोने संपले. यातले साल आणि धावलेल्यांचा आकडा एवढेच धड बरोबर आहे.

‘अलास्कात’. नाही, कॅनडाच्या युकॉनमध्ये. डाये आणि स्कॅगवे ही उतरायची बंदरे अलास्कात होती, म्हणून हा घोळ होतो. सोने सापडले तेही क्लोंडाइकला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक या ओढ्यात. पुढे त्याचेच नाव बोनान्झा पडले.

‘कुणी फिरकले नव्हते’. क्लोंडाइकच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांचा सॅमन मासे पकडायचा जुना तळ होता. ‘क्लोंडाइक’ हा ‘ट्रॉन्डेक’चाच अपभ्रंश. शोधकही नवखे नव्हते. १८८६ मध्ये फोर्टीमाइल नदीवर सोने सापडले होते, आणि १८९३ मधल्या शोधानंतर अलास्कात सर्कल सिटी वसली होती. कार्मॅकही एकटा नव्हता. बायको केट, तिचा भाऊ कीश म्हणजे स्कूकम जिम, आणि भाचा डॉसन चार्ली हे टॅगिश या स्थानिक जमातीचे लोक त्याच्यासोबत होते. सोने आधी कुणाच्या नजरेस पडले याबद्दल त्यांच्या हकिगती जुळत नाहीत. नोंद मात्र कार्मॅकच्या नावे झाली.

‘परात घेऊन बसले’. मजकुरातली सगळ्यात मोठी चूक ही. परात फक्त चाचणीसाठी. सराफ कट्ट्याच्या गटारातली माती धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना ती हातोटी लगेच कळेल: गाळ पाण्यात घोळवायचा, हलके वर काढून टाकायचे, जड तळाला राहते. खाणींजवळ वसलेल्या डॉसन गावातल्या दराने, औंसाला १६ डॉलर धरून, एका परातीत १० सेंटचे म्हणजे जेमतेम ०.२ ग्रॅम सोने निघाले तरी जागा चांगली समजत. पण ती परात भरायची कुठून? सोने जड, त्यामुळे ते वाळू-गोट्यांतून खाली झिरपत कातळावर जाऊन बसलेले. कातळ दहा ते चाळीस फूट खोल, आणि मधली माती बारमाही गोठलेली. तिथे कुदळ उसळून परत येते.

म्हणून आग. संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी लाकडे रचून पेटवायची, सकाळी राख काढायची आणि विरघळलेली फूटभर माती उपसायची, की पुन्हा आग. कातळापर्यंत असेच. तिथून सोन्याच्या पट्ट्याच्या दिशेने आडवे बोगदे, तेही आगीनेच. माती हाताच्या रहाटाने बादलीबादलीने वर. हे काम हिवाळ्यातच करायचे, कारण उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. गोठलेल्या भिंतींना मात्र लाकडाचे टेकूही लागत नाहीत. धोका धुराचा. आग नीट विझून हवा खेळायच्या आत जो खाली उतरला, तो गुदमरला. वर काढलेला ढीग लगेच पुन्हा गोठतो. त्यात किती सोने आहे हे वसंतात पाणी सुटेपर्यंत नक्की कळत नाही, म्हणजे सहा-सात महिने उधारीवर.

मग तो ढीग वाहत्या पाण्यात धुवायला पन्हळ. बारा फुटी लाकडी पेट्या एकीला एक जोडायच्या, तळाला सोने अडवायला आडव्या पट्ट्या, दर पेटीला सहा ते नऊ इंच उतार. उतार जास्त झाला तर बारीक सोने पाण्यासोबत निघून जाते. कमी झाला तर पट्ट्यांमागे काळी वाळू घट्ट बसते आणि सोने वरून सरकते. चिकणमातीचे गोळे तसेच सोडले तर ते सोने पोटात घेऊन पार होतात, म्हणून फोडावेच लागतात.

‘लाखभर मालामाल झाले’. निघाले ते सुमारे एक लाख, डॉसनला पोचले तीस-चाळीस हजार, सोने मिळाले चारेक हजारांना, आणि खरे श्रीमंत झाले काही शेकडाच. कारण साधे आहे. ‘एक्सेल्सियर’ आणि ‘पोर्टलंड’ ही सोने आणणारी जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली जुलै १८९७ मध्ये. तोवर बोनान्झा आणि त्याला मिळणाऱ्या एल्डोराडो ओढ्यावरचे चांगले दावे, म्हणजे सोने काढायला नोंदवलेले जमिनीचे तुकडे, फोर्टीमाइल-सर्कलच्या जुन्या लोकांनी कधीच घेतले होते. उशिरा आलेल्यांपुढे तासाला दीडेक डॉलरची मजुरी किंवा दुसऱ्याचा दावा बटाईने करणे, एवढेच उरले. काहींनी मात्र टेकडीवरच्या जुन्या नदीपात्राचे गोटे खणले आणि तिथे खरेच सोने निघाले. जाणकार त्यांना आधी हसले होते.

‘टनाचा कर’. सामान सरकार घेत नव्हते, ते ज्याचे त्याच्याजवळच राहायचे. १८९७ च्या शरदात डॉसनमध्ये अन्नटंचाई झाली, म्हणून वर्षभराची शिदोरी असल्याशिवाय कॅनडाचे घोडेस्वार पोलीस चिल्कूटसारख्या खिंडींतून पुढे सोडत नव्हते: ४०० पौंड पीठ, दीड-दोनशे पौंड बेकन, शंभरेक पौंड बीन्स, शिवाय तंबू आणि हत्यारे. कर वेगळेच होते: अमेरिकेत घेतलेल्या मालावर जकात, आणि निघालेल्या सोन्यावर १० टक्के स्वामित्वधन. टनाचा हिशेब करून पाहा. २,००० पौंड, एका खेपेला ५० पौंड, म्हणजे ४० खेपा आणि ३९ वेळा रिकामे परत. डाये बंदर ते पायवाट संपायची ते बेनेट सरोवर ५३ किलोमीटर. सगळे पाठीवरून नेले तर चालणे ४,००० किलोमीटरांवर जाते. सपाटीवर ढकलगाडी चाले, पैसेवाले तिथल्या त्लिंगिट जमातीचे हमाल लावत. चिल्कूटच्या बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवर मात्र बहुतेकांना स्वतःच्या पाठीशिवाय उपाय नव्हता.

‘दोन वर्षांत संपले’. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोने सापडल्याच्या बातमीने हजारो लोक तिकडे पळाले, ते खरे. पण उत्पादनाचा कळस १९०० साली झाला. हाताने परवडेना तेव्हा ड्रेज आले, म्हणजे स्वतः खणलेल्या डबक्यात तरंगणारे कारखाने. १९१२-१३ मध्ये बांधलेल्या ड्रेज क्रमांक ४ ची एकेक बादली १६ घनफुटांची होती. जमीन आता आगीऐवजी वाफेने आणि पुढे नुसत्या थंड पाण्याने वितळवत. ड्रेज १९६६ पर्यंत चालले. आजही तिथे बुलडोझर आणि पन्हळी लावून सोने धुतात, आणि डॉसनकडे जाताना रस्त्याच्या बाजूला ड्रेजने मागे टाकलेल्या गोट्यांचे ढिगारे अळीसारखे वळसे घेत गेलेले दिसतात.