सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांतलं पाणी

रमजानमध्ये सहरीची, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाची, वेळ संपायला पाच मिनिटं उरली की आमच्या घरात एकच धांदल उडायची. ज्याच्या हातात जो ग्लास येईल तो भरायचा आणि घटाघटा रिकामा करायचा. मीसुद्धा कित्येक वर्षं असेच चार-चार ग्लास रिचवले. दुपारी जिभेला कोरड पडली, डोकं ठणकायला लागलं की वाटायचं, यंदाचे रोजे फार कडक आहेत. चूक माझी होती, हे खूप उशिरा कळलं.

पाणी साठवून ठेवायला शरीरात टाकी नसते. लिटरभर पाणी एकदम पोटात गेलं की रक्त जरासं पातळ होतं. मेंदूच्या ते लगेच लक्षात येतं आणि पाणी धरून ठेवायला मूत्रपिंडांना सांगणारं संप्रेरक तो कमी करतो. मग तास-दोन तासांत त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज पढून जरा आडवं व्हावं तर पुन्हा पुन्हा उठावं लागतं, ते यामुळेच. तेवढंच पाणी मगरिबपासून, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सुटल्यापासून, सहरीपर्यंत थोडं थोडं आणि जेवणासोबत घेतलं, तर जास्त टिकतं. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, पाणी रात्रभर प्या, सहरीच्या भरवशावर राहू नका.

किती प्यायचं? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा आकडा बायकांसाठी दिवसाला 2 लिटर आणि पुरुषांसाठी 2.5 लिटर असा आहे, तोही खाण्यातलं पाणी धरून. उन्हात राबणाऱ्याला अर्थातच जास्त लागतं. इफ्तारला खजुरासोबत एक-दोन ग्लास, मग तरावीहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेच्या) आधी, नंतर, झोपताना, उठल्यावर असं घेत गेलं की सहज जमतं. काकडी, कलिंगड, दही, सूप यांतूनही पाणी मिळतंच. सहरीला खारट मात्र खरंच टाळा, दिवसभर तहान तहान होते.

आता मला जे मनापासून बोलायचंय ते. एका रमजानमध्ये असरनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजेनंतर, अम्मी स्वयंपाकघरात चक्कर येऊन खाली बसली. रात्री तिच्याजवळ बसून विचारलं, काल रोजा सोडल्यापासून किती पाणी प्यायलीस? तिने आठवून सांगितलं: इफ्तारला अर्धा ग्लास, सहरीला एक. बाकी सगळा वेळ ती आम्हाला वाढत होती. सरबत आमच्यासाठी, फळं आमच्यासाठी, मग भांडी, मग नमाज, मग सहरीची तयारी. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता, पण तो दर वेळी आमच्यापैकी कुणाला तरी द्यायला. आम्ही सगळे एकाच दस्तरख्वानावर बसलेलो, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

आणि चक्कर आल्यावरही तिचं एकच पालुपद, "मगरिबला थोडाच वेळ राहिलाय." असा हट्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. मला तो पटत नाही. कुरआनातल्या सूरह बकराच्या 184 आणि 185व्या आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, सुटलेले रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करता येतात. 185व्या आयतीतच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, बोलताना गोंधळणं, लघवी अगदी कमी आणि गडद होणं, हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे.

ब्लडप्रेशरसाठी लघवीच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी रमजान लागायच्या आधीच डॉक्टरांकडे जावं, गोळ्यांच्या वेळा आणि डोस बदलावे लागू शकतात. मधुमेहींसाठीचा आंतरराष्ट्रीय सल्ला स्पष्ट आहे: साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे कितीतरी जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्या घरी आता अम्मीची वेगळी बाटली असते, लिटरभराची. रोजा सोडला की ती तिच्याशेजारी ठेवायची आणि तरावीहला निघण्याआधी किती उरलंय ते बघायचं, हे काम धाकट्या भावाकडे आहे. वाढायला मी उठतो.