हालता मरे!

मी डीजेचा मिक्सर घेतला, आणि मिक्सरवरचा जो विनोद आत्ता तुमच्या मनात आला तो आमच्या घरात आठ महिने चालू आहे, तेव्हा तो आधी उरकून टाकतो. हो, आई म्हणाली की मिक्सर घेतोयसच तर खोबरं बारीक वाटणारा घे, हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, उपयोगी पडेल. हसून झालं? आता पुढे.

झालं असं की गोव्यात हणजुणेला एक गोरा माणूस गाशा गुंडाळून मायदेशी निघाला होता आणि त्याचे दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, मला मिळाले. टेक्निक्सचे, एसएल-१२०० मार्क टू, म्हणजे मॉडेल १९७९ चं, माझ्याहून वयाने मोठं आणि डोकं बरंच जाग्यावर असलेलं. मोटर थेट ताटलीखाली, पट्टा-बिट्टा भानगड नाही, वरती रेकॉर्ड बोटाने धरून ठेवली तरी मधल्या स्लिपमॅटमुळे, म्हणजे घसरत्या चकतीमुळे, खालची ताटली आपली निवांत फिरत राहते आणि बोट उचललं की रेकॉर्ड पुन्हा लगेच वेगात. एकेक अकरा-बारा किलोचा. फोंड्याला आणताना मी मागच्या सीटवर दोघांना सीटबेल्ट लावला, जे बायकोने आजतागायत विसरलेलं नाही, कारण त्या दिवशी ती स्वतः बसने आली.

आता टर्नटेबल आले म्हणजे स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड बोटांनी पुढे-मागे घासून आवाज काढणं, शिकणं आलं आणि स्क्रॅचला दोघांच्या मधे त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर पाहिजे. गेलो म्हापशाला एका दुकानात. डीजे मिक्सर म्हटल्यावर दुकानदाराने आधी विचारलं, कितें, मिरवणुकीक? मग एक डबा काढला, त्यावर इतके दिवे की देवळाच्या जत्रेला भाड्याने दिला असता. ‘पात्रांव, सोळा इफेक्ट, ब्लूटूथ, यूएसबी, माइकाक एको!’ मी जरा अभ्यास करून गेलेलो, म्हटलं ते सगळं राहू दे, एका रेकॉर्डचा आवाज बंद करून दुसरीचा उघडणारा क्रॉसफेडर कसा आहे? त्याने ती मधली आडवी दांडी दोनदा इकडून तिकडे सरकवली आणि अभिमानाने म्हणाला, ‘हालता मरे!’

हालत होता. घेतला.

घरी जोडला तर आवाज असा की शेजारच्या वाड्यात कुणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून आरती म्हणतंय. कारण त्या डब्याला फोनो इनपुटच नव्हता, सगळे लाइन, म्हणजे आधीच वाढवलेल्या आवाजासाठीचे. सुईतून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, ते आधी वाढवावे लागतात, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो, तोही परत जागेवर आणावा लागतो, हे सगळं फोनो इनपुट करतो. बदलून आणला. दुसऱ्याला फोनो होता पण वर भुंगा, घूंऽऽऽ असा, अखंड, मी केबल बदलल्या, प्लग बदलला, लायनीला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं की टर्नटेबलला केबलसोबत एक बारीक तार येते, तिच्या टोकाला चिमटा असतो, ती मिक्सरच्या मागच्या ग्राउंडच्या स्क्रूला आवळायची असते. मी ती स्पेअर समजून नीट गुंडाळी करून रबर लावून ठेवली होती. दोन्ही टर्नटेबलची.

भुंगा गेला, मग खरं दुखणं बाहेर आलं. स्क्रॅच करतोय पण ते स्क्रॅचसारखं वाटेच ना. चाळीस व्हिडिओ बघितले तरी कळेना. शेवटी बाबा येऊन बसले. बाबा म्हणजे चवथीला आमच्या वाड्यावर घुमट, म्हणजे तोंडाला चामडं लावलेला मातीचा घडा, वाजवणारा माणूस, उजवा हात चामड्यावर आणि डाव्या हाताने घुमटाचं मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, त्यावरच सगळा आवाज चालतो. अर्धा तास ऐकून म्हणाले, ‘तुझा डावा हात उशिरा उघडतो रे.’

म्हटलं बाबा, हात नाही, फेडर आहे तो.

‘तेंच तें. दार किलकिलं करून करून पाहुणा आत घेतोयस. धाडकन उघडायला नको?’

तर हे असं आहे. एका गाण्यातून दुसऱ्यात हळूच जायचं तर फेडर सावकाश उघडणारा चालतो, पण स्क्रॅचला तो टोकापासून एक-दोन मिलिमीटर सरकला की आवाज पूर्ण आत पाहिजे, आणि तो बदल करायला कर्व्हचं बटण पाहिजे, आमच्याकडे ते नव्हतं. दुसरं म्हणजे आपला पावसाळा. आमच्याकडे जुलैत चपलेला बुरशी येते, तिथे पट्टीवर घासून चालणारा साधा फेडर काय टिकणार, ऑगस्टपर्यंत तो पापड तळल्यासारखा करकरायला लागला. म्हणून बिनस्पर्शाचे फेडर, चुंबकावर चालणारे वगैरे, किंवा जुन्या मिक्सरमध्ये इनोफेडर नावाचा तसलाच बिनस्पर्शाचा फेडर बसवायचा. किमती विचारू नका, मी विचारल्या आणि दोन दिवस गप्प होतो.

सेकंडहँड मिक्सर मिळाला एक. त्यावर हॅमस्टर स्विच पण होता, म्हणजे फेडरच्या दिशा उलट करणारा, पण मी हे नाव घरात मोठ्याने घेतलं आणि आईने उंदराचा पिंजरा माळ्यावरून खाली काढला. मला तो स्विच नको होता. बाबांना हवा होता. ‘डावा हात बाहेर गेला की उघडायला पाहिजे,’ म्हणाले आणि स्विच टाकला तो टाकलाच.

स्क्रॅचिंगचा शोध लागल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, १९७५ च्या सुमारास ब्राँक्समध्ये ग्रँड विझर्ड थिओडोर नावाचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा, आई दारात येऊन आवाजावरून ओरडायला लागली म्हणून त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि हात हलत राहिला. माझी आई ओरडायची तेव्हा मी सरळ प्लग काढायचो, म्हणून मी फोंड्यात राहिलो.

काल रात्री दहाला दहा कमी होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडली, ‘बंद करा म्हटलं ना तें, कढी निवली!’ मी प्लगकडे धावलो.

बाबांनी रेकॉर्ड नुसती हाताने धरली.