निवळलेलं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही

पावसाळा लागला की आमच्या पुण्यातल्या धायरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘तुरटी फिरवा, शेवग्याच्या बिया टाका, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवा. पाणी शंभर टक्के शुद्ध! उकळायला नको, क्लोरीनचं विषही पोटात नको.’ यातले उपाय जुने आणि कामाचे आहेत. शेवटचं वाक्य मात्र घातक आहे.

तुरटीचंच बघा. परवा टँकरचं गढूळ पाणी कळशीत घेऊन आईने खडा चार-पाच वेळा फिरवला. तासाभरात तळाला मातकट साय बसली, वर पाणी नितळ. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन खाली बसतात. सोबत बरेच जंतूही बसतात. पण बसतात, मरत नाहीत. जलशुद्धीकरण केंद्रातही असाच गाळ बसवतात, पण तिथे थांबत नाहीत. पुढे पाणी वाळूतून गाळतात आणि क्लोरीन देतात.

शेवग्याच्या बियांचं कामही तेच. शिवाय बियांचा अंश पाण्यात उरतो, त्यामुळे ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये.

तांब्याने जंतू मरतात, हे खरं आहे. पण ज्या प्रयोगाचा दाखला देतात, त्यात पाणी 16 तास ठेवलं होतं. आपण रात्री दहाला भरतो आणि सकाळी सहाला पितो. त्यातून पाणी गढूळ असेल तर तांब्याचा जोर आणखी कमी पडतो.

आणि क्लोरीन ‘विष’? नळाच्या पाण्यात ते लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे.

जानेवारी 2025 मध्ये आमच्याच पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. त्याच्या संसर्गानंतर हा आजार होऊ शकतो. हा जंतू डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी उकळल्यावर टिकत नाही. ते दिवस पाहिलेल्या माणसांनी ‘उकळायला नको’ पुढे पाठवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे आई तुरटीने निवळलेलं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरांतून गाळते. मग खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर गॅस चालू ठेवते. झाकून गार झालं की तेच पाणी तांब्याच्या हंड्यात ओतते.