तू कोणाचा?

आज दुपारी साडेतीनच्या सुमारास स्पेनमधल्या एका खेड्यात माझी सॅक जप्त झाली. जप्त करणारे पोलीस नव्हते, पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. सॅक परत मिळाली, आतली भाकरवडीही शाबूत आहे. राग तेवढा उतरलेला नाही, म्हणून झोपण्यापूर्वी लिहून काढतो.

ही सहल भाचीची कल्पना. ती माद्रिदला नोकरी करते. "मामा, बार्सिलोना काय, सगळेच बघतात. तुम्ही सोरियाला चला," म्हणाली. सोरिया प्रांत दहा हजार चौरस किलोमीटरचा आणि वस्ती नव्वद हजारांच्या आसपास. चौरस किलोमीटरला नऊ माणसं. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला की जिन्यातच याहून जास्त माणसं असतात.

पहिले दोन दिवस मजेत गेले. रिओ लोबोसच्या घळीत मान मोडेपर्यंत गिधाडं पाहिली. दहाव्या शतकातला गोर्माझचा किल्ला पाहिला, एक किलोमीटरहून लांब तटबंदी आणि तटावर आम्ही तिघं. बायकोने "इथे भजीवाला नाही?" असं विचारलं, ते मनापासून होतं. किल्ला चढल्यावर झुणका-भाकर मिळत नसेल तर तो किल्ला सर झाला असं आम्हाला वाटत नाही.

मग सान बाउदेलिओ. बेर्लांगाजवळच्या माळावर एक ठेंगणं, खोक्यासारखं प्रार्थनाघर आहे. आत मधोमध एकच खांब आणि त्यातून ताडाच्या झावळ्यांसारख्या फुटलेल्या कमानी. या भिंतींवर बाराव्या शतकातली चित्रं होती, त्यांत पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती. स्पेनच्या माळावर हत्ती म्हणजे आमच्याकडचा पाहुणाच, म्हणून मी उत्साहाने गेलो. हत्ती घरी नव्हता. १९१७ मध्ये वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली, १९२२ मध्ये गावकऱ्यांनी चित्रं एका व्यापाऱ्याला विकली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल विकणाऱ्यांच्या बाजूने लागला आणि १९२६ मध्ये चित्रं भिंतीवरून सोलून अमेरिकेला रवाना झाली. १९५७ मध्ये त्यातली काही परत आली, तीही फुकट नव्हेत. बदल्यात सेगोव्हियाकडच्या एका चर्चचा अर्धगोल भाग दगड दगड सुटा करून न्यूयॉर्कला द्यावा लागला. हत्ती आता माद्रिदला प्रादो संग्रहालयात असतो, उंट न्यूयॉर्कला. भिंतीवर उरलेत नुसते फिकट ठसे, कॅलेंडर काढल्यावर उरतो तसे.

हे सगळं सांगतोय त्याला कारण आहे. चित्रं नेणाऱ्यांची सॅक कोणी तपासली नव्हती.

तर आजचं गाव. नाव सांगत नाही. बाराव्या शतकातलं, रोमानेस्क शैलीतलं चर्च, बाजूला कमानींची लांब ओसरी. आपल्याकडच्या वाड्याला पडवी असते, थेट तशीच, फक्त खांबांवर पंखवाल्या बायका आणि एकमेकांना चावणारी जनावरं कोरलेली. दाराला कुलूप. शेजारी पाटी: किल्ली समोरच्या घरात मिळेल. समोरच्या घराच्या बाई झोपलेल्या. दुपारी दोन ते पाच हा प्रांत बेशुद्ध असतो. आम्ही पुणेकर एक ते चारवर खूश असतो, पण आपल्याकडे निदान पाटी तरी लावतात.

जागं असं गावात एकच माणूस होतं. चर्चच्या भिंतीला टेकून बाकावर बसलेले आजोबा, डोक्यावर काळी बोइना, म्हणजे इथली चपटी गोल टोपी, हातात काठी. त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इ तू दे किएन एरेस?"

मोबाइलवर सहा महिने स्पॅनिश घोटलेलं, त्यामुळे एवढं समजलं. 'आणि तू कोणाचा?'

"भारताचा," मी त्यांच्या भाषेत म्हणालो.

गणित चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते नव्हे. कोणाचा?"

"पुण्याचा."

"बरं. पण कोणाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. पंचावन्नाव्या वर्षी, परदेशात, भर उन्हात, शाळेत दाखला काढायला गेल्यासारखं. आजोबांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं आणि मान हलवली. गावात त्या नावाचं घराणं नव्हतं. असतं तर मीच चक्कर येऊन पडलो असतो.

"मामा, इथल्या खेड्यांत असंच विचारतात," भाची म्हणाली. "कुठल्या घरातला, असा अर्थ."

मग आजोबा बोलू लागले. चांगली पाच मिनिटं बोलले. काठी दोनदा माझ्यावर रोखली, एकदा आकाशाकडे, एकदा रस्त्याच्या खालच्या अंगाला. मध्ये आवाज भरून आला, शेवटी थुंकले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. बसा म्हणतायत."

"एवढ्यात फक्त बसा?"

"साधारण."

बसलो. मला आमचे थोरले काका आठवले. गावी देवळाच्या पायरीवर बसून हाच धंदा करायचे. "कुणाचा रं तू?" नाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की "म्हंजे कुठलं?", आणि जातीपर्यंत पोचल्याशिवाय प्रश्न थांबायचे नाहीत. पाणी तांब्यातून द्यायचं की वरून ओंजळीत ओतायचं, ते त्यावर ठरायचं. मी काकांच्या बाजूच्या पायरीवर बसलेला असायचो, त्यामुळे तो प्रश्न मला कधी टोचला नाही. आज टोचला. असो.

बाई आल्या तेव्हा साडेतीन होत होते. अंगात घरचा फुलाफुलांचा झगा, पायात सपाता, हातात वीतभर लोखंडी किल्ली. बायकोला पाहून हसल्या, भाचीला तर गालांवर दोन मुके दिले. मग माझी सॅक दिसली आणि आजोबांबरोबर खलबत झालं.

"मामा, सॅक इथेच ठेवायची आहे."

"का?"

"सगळ्यांनाच सांगतात."

मी सॅक काढली. आजोबांनी ती मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी कवटाळली. आत जाताना भाचीला फैलावर घेतल्यावर ते पाच मिनिटांचं भाषण बाहेर आलं. फार वर्षांपूर्वी असाच एक गोड बोलणारा माणूस सॅक घेऊन आला होता, मला जुनी चर्चं फार आवडतात म्हणाला, आणि पुढच्याच महिन्यात रस्त्याच्या खालच्या गावातली मेरीमातेची मूर्ती नाहीशी झाली. आजोबांचा संशय अगदीच हवेतला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्पेनची ही बिनमाणसांची चर्चं चोरांनी धुऊन काढली. त्यातला सगळ्यात गाजलेला चोर 'एरिक एल बेल्गा' म्हणून ओळखला जायचा. बेल्गा. बेल्जियमचा. मी माझ्या हाताच्या रंगाकडे पाहिलं. बेल्जियमला हा मिळत नसावा.

आत अंधार. एक युरोचं नाणं टाकलं की दिवा लागतो, दोन-तीन मिनिटांनी जातो. वेदीच्या मागची सोनेरी लाकडी मखर डोळ्यांत भरते न भरते तोच फट्, काळोख. आमच्याकडची नाणी संपली. दहाची नोट पुढे केली तर मी भिकेचा कटोरा दाखवल्यासारखं बाईंनी तोंड केलं.

तेवढ्यात दारात उजेड हलला. एक जर्मन जोडपं. दोघांच्या पाठीवर एवढाल्या सॅक, चटया लटकलेल्या, माझी सॅक त्यांच्या बाजूच्या खिशात मावली असती. बाई म्हणाल्या, "या, या." ते आत आले, नाणं टाकलं, दिवा लागला. फुकट उजेडात मी त्या दोन सॅककडेच बघत राहिलो.

"मामा, तुम्ही फार मनाला लावून घेताय," भाची म्हणाली. "बाई विसरल्या असतील."

असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराच्या बाजूच्या देशातल्यांना 'या, या'. मला पुढचं एकही कोरीवकाम दिसलं नाही, हे त्या कारागिरांचं नुकसान. बाईंशी भांडावं असंही वाटलं, पण माझ्या स्पॅनिशमध्ये भांडणाचा धडा अजून यायचा होता. 'सफरचंद लाल आहे' यावर अपमानाची परतफेड होत नाही.

बाहेर आलो. आजोबा झोपले होते. सॅक मांडीवर, हनुवटी सॅकवर, दोन्ही हातांची मिठी, काठी त्यात अडकवलेली.

"उठव त्यांना," बायको म्हणाली.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली झग्याच्या खिशात टाकली आणि जाता जाता काहीतरी पुटपुटल्या.

"झोपमोड झाली तर रागावतात म्हणे," भाची म्हणाली.

"मग आपण गाडीत बसू," बायको म्हणाली.

गाडीची किल्ली सॅकमध्ये होती.

जर्मन निघून गेले, हात हलवून. आम्ही तिघं त्याच बाकावर ओळीने बसलो. वीस मिनिटं, अर्धा तास. मी एकदा सॅकच्या चेनपर्यंत बोट नेलं, आणि मनात आलं, या क्षणी कोणी पाहिलं तर? हात मागे घेतला. शेवटी कुठूनतरी फिरत्या पाववाल्याची गाडी आली आणि त्याने भोंग्यावर हात ठेवला. आजोबा दचकून जागे झाले. आधी सॅक चाचपली. मग माझ्याकडे वळले, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं.

"इ तू दे किएन एरेस?"