कृपया हा सर्व्हर बंद करू नये

प्रत्येक सर्व्हर रूममध्ये एक मशीन असं असतं, ज्याच्या वाटेला कोणी जात नाही. पुढच्या पॅनेलवर पिवळा पडलेला कागद चिकटवलेला असतो: 'कृपया बंद करू नये'. खाली सही नाही, तारीख नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि पासवर्ड लिहिलेली वहीही त्याच्याबरोबरच गेलेली असते. मशीन मात्र चालूच. त्याच्यावर नेमकं काय चालतं असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

आमच्याकडे अशी दोन आहेत. एकावर विंडोज सर्व्हर 2008 आर2, दुसऱ्यावर लिनक्सचा एक अवतार, सेंटओएस 7. पहिल्याचा फुकटचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 रोजी संपला, दुसऱ्याचा 30 जून 2024 रोजी. पण संपण्याआधी आलेले अपडेटसुद्धा कोणी टाकले नव्हते. ऑडिटवाल्यांनी दोघांच्या नावापुढे लाल अक्षरांत 'गंभीर' लिहिलं, साहेबांनी तो अहवाल 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून माझ्याकडे सरकवला, आणि माझी शनिवारची रात्र ठरली.

आधी डाऊनटाइमची परवानगी. 'शनिवारी रात्री सर्व्हर बंद राहील, हरकत असल्यास कळवावे' असा मेल टाकला मात्र, एरवी ज्याला कोणी वाली नाही त्या मशीनला तासाभरात डझनभर वारस फुटले. अकाउंट्सचं महिनाअखेरीचं काम त्याच्यावर. हजेरीचा डेटा त्याच्यावर. एकानं तर लिहिलं, 'हा सर्व्हर कोणता ते मला माहीत नाही, पण बंद करू नका.' मला हे उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

साहेबांचा प्रश्न नेहमीचाच: "अहो, इतकी वर्षं काही झालं नाही ना? मग आत्ताच काय घाई?" यावर मी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा विषय काढतो. ज्या फटीतून तो 12 मे 2017 रोजी जगभर घुसला, ती बुजवणारा पॅच 14 मार्चलाच आलेला होता. दोन महिने लोक 'पुढच्या शनिवारी बघू' म्हणत बसले आणि ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं, 2015 मध्येच सपोर्ट संपलेल्या विंडोज सर्व्हर 2003 साठीसुद्धा पॅच काढला. मी हे सगळं पोटतिडकीनं सांगतो. साहेब शांतपणे ऐकून म्हणतात, "बघा, म्हणजे वेळ आली की ते देतातच." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बॅकअप आहे का? आहे. रोज हिरवी टिक येते. रिस्टोअर करून कोणी पाहिलंय का? हा प्रश्न सर्व्हर रूममध्ये विचारत नाहीत.

तर शनिवारी रात्री विंडोजपासून सुरुवात केली. ऑगस्ट 2019 पासून या मशीनसाठीचे अपडेट फक्त एसएचए-2 पद्धतीच्या डिजिटल सहीनं येऊ लागले. ती सही ओळखायची तर केबी4490628 आणि केबी4474419 हे दोन पॅच आधी टाकलेले लागतात. ते नसले तर मशीन पुढच्या पॅचला ओळखच दाखवत नाही आणि 80092004 हा एरर फेकून मोकळं होतं. म्हणजे अपडेट घ्यायचा तर आधी अपडेट घेतलेला पाहिजे. ठीक आहे, ते दोन उतरवून घेऊ म्हणून सर्व्हरवरचा इंटरनेट एक्सप्लोरर उघडला. त्याला कडक सुरक्षा लावलेली. कुठल्याही साइटवर गेलं की खिडकी वर येते: ही साइट ब्लॉक केली आहे, विश्वासू यादीत घालायची का? घातली. त्या साइटनं दुसरीकडून काही मागवलं, पुन्हा खिडकी. अख्ख्या इंटरनेटवर एकेक करून विश्वास ठेवायला रात्र पुरली नसती. शेवटी पॅच लॅपटॉपवर उतरवले आणि पेनड्राइव्ह काढला. सुरक्षा धोरणानुसार सर्व्हरला पेनड्राइव्ह लावायला बंदी आहे. हे धोरण मीच सगळ्यांना मेल करत असतो. मग नेटवर्कवरून कॉपी केले.

सेंटओएसची तऱ्हा वेगळी. 'यम अपडेट' ही अपडेट मागवायची कमांड मारली की तो 'मिररलिस्ट'चा, म्हणजे अपडेट कुठे मिळतील त्या यादीचा, पत्ता शोधायला जातो, आणि सपोर्ट संपल्यावर तो पत्ताच बंद झालाय. अपडेटचे पत्ते लिहिलेल्या रेपोच्या फायलींत जाऊन तिथे 'व्हॉल्ट'चा, म्हणजे जुन्या पॅकेजांच्या कोठाराचा, पत्ता घालायचा, मग सगळं मिळतं. सगळं म्हणजे 30 जून 2024 पर्यंतचं. त्यानंतर तिथे पान हललेलं नाही. पॅकेजं उतरतात, नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणतो बूट पार्टिशनमध्ये जागा नाही, जुने कर्नल उडवावे लागतात. हा त्रास खरा, पण हिशेबी आहे: काय चुकलंय ते हा निदान लिहून तरी सांगतो.

आणि मग येतो रीस्टार्ट. माझं स्पष्ट मत आहे की पॅचला कोणीच घाबरत नाही, सगळे घाबरतात ते रीस्टार्टला. मशीन चालू आहे याचा अर्थ ते पुन्हा चालू होईल असा नाही. 'आमचा सर्व्हर तीन वर्षं बंद पडला नाही' असं छाती फुगवून सांगणारे भेटतात. त्यांना मी 497 दिवसांची गोष्ट सांगतो. सेकंदाला शंभर टिकटिक मोजणारा 32 बिटांचा मीटर 497 दिवसांत भरतो. जुन्या लिनक्समध्ये त्यानंतर अपटाइम, म्हणजे सलग चालल्याचा काळ, पुन्हा शून्यावरून दिसायचा. 2008 आर2 मध्ये तर नोंदलेला दोष होता: तेवढे दिवस सलग चालला की संपत आलेली कनेक्शनं सुटेनाशी व्हायची, ती साचत जाऊन पोर्ट संपायचे. उपाय दोन: पॅच मारा नाहीतर रीस्टार्ट करा.

केलं रीस्टार्ट. सर्व्हर उत्तर देतो का ते बघायला लॅपटॉपवर 'पिंग' लावून देव पाण्यात घालून बसलो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुन्हा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. ओळीमागून ओळ. सर्व्हर उठताना आधी मेमरी तपासतो, मग डिस्क सांभाळणारं रेड (RAID) कार्ड एकेका डिस्कला हाक मारतं, मग नेटवर्क कार्ड आपल्याला कोणी बूट करवतंय का ते बघतं. हे सगळं धरूनसुद्धा फार वेळ झाला. पडदा बघायला रिमोट कन्सोल उघडायचा, तर त्याला जुनं जावा लागतं आणि माझा ब्राउझर जुन्या जावाला सुरक्षेच्या कारणास्तव हात लावत नाही. शेवटी सर्व्हर रूममध्ये गेलो, स्क्रीन शोधला, कीबोर्ड शोधला, रॅकच्या मागे आडवा होऊन दोन्ही जोडले. पडद्यावर एकच ओळ: रेड कार्डची बॅटरी संपली आहे, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा.

तो मघापासून एफ1 ची वाट बघत होता. दाबलं. पुढे 'अपडेट्स कॉन्फिगर होत आहेत, मशीन बंद करू नका' आलं, टक्का पस्तीसवर जाऊन रुतून बसला, आणि मनात आणलं तेव्हा एकदम शंभर झाला. तिकडे सेंटओएसला कुठल्या तरी जुन्या मशीनवरून आणलेली, ईएक्सटी3 या जुन्या फाइल पद्धतीची डिस्क लावलेली होती. तिची तपासणी फार दिवसांत झाली नाही हे तिला नेमकं आत्ताच आठवलं. सक्तीची तपासणी. पहाटेपर्यंत.

दोन्ही मशीन उठली. सोमवारी सकाळी पहिली तक्रार आली की अपडेटमुळे दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर कागद अडकवतोय. मी हे शिरस्त्याचं समजतो.

याच उत्साहात मी दोन्ही सर्व्हर बदलायचा प्रस्ताव लिहिला: सपोर्ट संपलाय, पॅच येत नाहीत, बॅटरी मेलीये, पुढच्या खेपेला उठेलच असं नाही. आठवड्यानं प्रस्ताव परत आला. वर शेरा होता: 'तूर्त आवश्यकता दिसत नाही. दोन्ही सर्व्हर अद्ययावत केल्याचा आपलाच अहवाल सोबत जोडला आहे.'