सगळ्याच व्हेरिएबलना 'रो' म्हणणाऱ्यांनो

एका पतसंस्थेचा थकबाकी अहवाल. सभासदाचं नाव, त्याखाली थकलेले हप्ते, तळाला बेरीज. यात अवघड काय आहे, सांगा ना! बाहेरचा लूप, म्हणजे तेच काम एकेकासाठी पुन्हा पुन्हा करणारा कोड, सभासदांवर, आतला लूप त्या सभासदाच्या हप्त्यांवर. आणि छापून येतं काय, तर पहिला सभासद, त्याचे हप्ते, खलास. एरर नाही, वॉर्निंग नाही, पान कोरं आलं असंही नाही. एका माणसाचा नीटनेटका अहवाल. वर मॅनेजरसाहेबांचा फोन, "अहो, बाकीच्यांनी कर्ज फेडलं की काय?"

कोड उघडला. भाषा पीएचपी. बाहेर क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर ठेवलंय रिझल्ट नावाच्या व्हेरिएबलमध्ये (व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला डबा), आतल्या क्वेरीचंही रिझल्टमध्येच. त्यातून एकेक ओळ काढून ठेवायची, तर बाहेरच्या ओळीचं नाव रो, आतलीचंही रो. म्हणजे एका वाड्यात सगळ्यांचं नाव बंड्या, आणि हाक मारली की जो शेवटी घरात शिरला तो ओ देणार!

मग होतं काय, तर आतली क्वेरी चालली की बाहेरचा रिझल्ट पुसला जातो. आतला लूप हप्ते संपेपर्यंत फिरतो. बाहेरचा लूप पुढचा सभासद मागायला जातो, तर त्याच्या हातात तोच संपलेला हप्त्यांचा रिझल्ट. त्यातून मिळतं नल, म्हणजे 'काहीच नाही'. लूप समजतो सभासद संपले, आणि गुमान बाहेर पडतो. भाषेच्या लेखी काहीही चुकलेलं नाही. हेच तर डोक्यात जातं! चुकलं असतं तर ओरडली तरी असती.

आणि हे टेस्टिंगमध्ये सापडलं का नाही? कारण टेस्टच्या डेटाबेसमध्ये सभासद एकच होता. 'टेस्ट टेस्ट', पत्ता 'पुणे'. त्याचा अहवाल अगदी बरोबर येतो हो.

सी घ्या, जावा घ्या, महिरपी कंसात जाहीर केलेलं व्हेरिएबल कंस बंद झाला की संपतं. पर्लमध्येसुद्धा 'माय' लिहून तेवढ्यापुरतं व्हेरिएबल करता येतं, आणि ते पीएचपी जाहीर व्हायच्या आधीपासून. पीएचपीत मात्र कंस निव्वळ शोभेचे. स्कोप (नाव जिथवर चालतं ती हद्द) फंक्शनचा, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या अख्ख्या तुकड्याचा, आणि फंक्शन नसेल तर अख्ख्या फाइलचा, इन्क्लूड केलेल्या फाइलींसकट. जावास्क्रिप्टच्या 'व्हार'चीही हीच तऱ्हा होती, पण त्यांनी 2015 साली 'लेट' आणून निदान सोय तरी केली.

बरं, या फाइलवर आधी कुणीतरी हात फिरवून गेलाय. दुसऱ्या एका अहवालात त्याने आतल्या रिझल्टला रिझल्ट टू केलंय. शाब्बास. रो मात्र तशीच. त्यामुळे सभासद सगळे येतात, पण आतला लूप संपला की रोमध्ये उरतं नल, आणि 'एकूण थकबाकी' या ओळीपुढचं नाव कोरं. पीएचपी 7.4 च्या आधी नलमधून नाव मागितलं तरी ती हूं की चूं करत नसे. आता करते, तर फाइलच्या डोक्यावर एरर रिपोर्टिंग शून्य! ज्याने ती ओळ लिहिली त्याला वाटलं असणार, तक्रारी बंद केल्या की रोग बरा झाला.

पण खरा संताप पुढे आहे. बेरीज. टोटल नावाचं व्हेरिएबल आतल्या लूपमध्ये थेट वाढवत नेलंय, प्रत्येक सभासदापाशी शून्य करायची ओळच नाही. कंसाच्या आत वापरलं म्हणजे दर फेरीला नवं मिळेल अशी समजूत असावी. मिळत नाही! पहिल्याची बाकी दुसऱ्याच्या माथी, दोघांची तिसऱ्याच्या, आणि यादीतल्या शेवटच्या माणसाच्या नावावर अख्ख्या पतसंस्थेची थकबाकी. आडनावांच्या क्रमाने यादी असल्यामुळे 'क्ष'च्या जवळपासच्या मंडळींचं तर काही खरंच नाही. नोटीस हातात पडलेल्या माणसाला सांगा, काका, स्कोपचा प्रॉब्लेम आहे.

कुणाला विचारावं तर लगेच शहाणपण, लूपमध्ये क्वेरी लिहितोसच कशाला, जॉईन वापर, दोन्ही तक्ते जोडून एकदाच विचार. अरे बाबांनो, बरोबर आहे तुमचं. हजार सभासदांसाठी एक हजार एक क्वेऱ्या जातात, एका जॉईनमध्ये काम भागतं, मान्य! पण मी हे लिहिलेलं नाही, माझ्या गळ्यात पडलंय, आणि अहवाल संध्याकाळपर्यंत हवाय. आतला लूप उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाकणं हा त्यातल्या त्यात सरळ उपाय, कारण फंक्शनमधली नावं फंक्शनमध्येच राहतात. तर एका ठिकाणी कुणीतरी तेही केलंय, आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, ग्लोबल कनेक्शन, रिझल्ट, रो, म्हणजे ही नावं पुन्हा बाहेरचीच. पुढचा दरवाजा लावला आणि मागची भिंतच पाडली!

भाषा बदलली म्हणून सुटका नाही. पायथनमध्ये एका कर्सरवर (क्वेरी चालवून तिची उत्तरं हातात देणाऱ्या वस्तूवर) लूप चालू असताना आत त्याच कर्सरवर दुसरी क्वेरी चालवून बघा, बाहेरची उरलेली उत्तरं गायब. 'गो' या भाषेत लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असायचं. त्याच भानगडीपायी 2020 च्या मार्चमध्ये वेबसाइटींना सुरक्षेची सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टला तीस लाखांहून जास्त सर्टिफिकेटं रद्द करायची घोषणा करावी लागली होती. गोवाल्यांनी 2024 मध्ये 1.22 आवृत्तीत दर फेरीला नवं व्हेरिएबल देऊन टाकलं. आमच्याकडे मात्र रो ती रोच.

आता व्याजाची फाइल उघडलीये. बाहेर बारा महिन्यांचा लूप, आत दोन जामीनदारांचा. फेऱ्या मोजायला दोन्हीकडे 'आय' हेच व्हेरिएबल. आतला लूप दर वेळी आयला दोनवर आणून सोडतो, त्यामुळे बाहेरचा बारापर्यंत पोचतच नाही, फिरतोच आहे. एरवी तीस सेकंदांनी पीएचपीनेच त्याचा गळा धरला असता, पण वर कुणीतरी टाइम लिमिट शून्य, म्हणजे वेळेची मर्यादाच नाही, असं करून ठेवलंय. मार्च एंडला सर्व्हर अडकायचा म्हणे. यांनी राउटर बदलला.