१४ दिवसांत नवा बोन मॅरो? भिया, असं नाही होत!

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एकच मेसेज फिरतोय, की बोन मॅरो (हाडांच्या आतला, रक्त बनवणारा गर) आता लॅबमधे १४ दिवसांत उगवतो, स्वतःचेच पाच थेंब द्या, डोनर नको, मणक्यात सुई नको, लकव्याची भीती नको, डॉक्टर मुद्दाम लपवतात. लॅबमधे हेच काम केलंय म्हणून लिहितो.

१४ दिवस खरे, बाकी सगळं पदरचं. मॅरोच्या पेशी मिथाइलसेल्युलोज नावाच्या दाट जेलमधे मिसळून छोट्या डिशमधे घालतात, ते इतकं चिकट की पिपेट हात टेकतं, जाड सुईच्या सिरिंजनीच सोडावं लागतं, शेजारी पाण्याची उघडी डिश ठेवायची नाहीतर सगळं सुकतं, मग ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमधे. दोन आठवड्यांनी मायक्रोस्कोपखाली कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायच्या, लाल पेशींच्या असल्या तर हिमोग्लोबिनमुळे आपोआप लालसर दिसतात, बघायला मस्त वाटतं. पण ही टेस्ट आहे हो! गोठवलेल्या नाळेच्या रक्तात दम उरलाय का ते कळतं, मोजून झालं की डिश कचऱ्यात.

पेशंटला का नाही देत? कॉलनीत पेशी ५० पासून काही हजार, आणि ५० किलोच्या माणसाला ट्रान्सप्लांटसाठी सीडी-३४ पेशी, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल्स), निदान १० कोटी लागतात. आकडा सोडा, कॉलनी होता होता मूळ पेशीची पुढे रक्त बनवत राहायची ताकदच संपते. आणि थॅलेसेमियात, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजारात, स्वतःचाच मॅरो वाढवला तर दोषही तोच वाढणार ना?

"नवा शोध" म्हणे! मेलबर्नला ब्रॅडली आणि मेटकाफ या शास्त्रज्ञांनी १९६६ मधेच हे छापलंय, इस्रायलमधे प्लुझनिक आणि साक्सनी त्याच्याही वर्षभर आधी. कॉलन्या कशानी वाढतात हे शोधता शोधता जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन हाती लागलं, तेच इंजेक्शन आज केमोनंतर देतात आणि डोनरलाही, मग स्टेम सेल्स रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून मशीननी काढता येतात. मॅरोच काढायचा झाला तर भूल देऊन कमरेच्या हाडातून, त्यात मणक्याचा संबंध कुठे आला?

हां, २०२३ मधे अमेरिकेत नाळेच्या रक्तातल्या पेशी लॅबमधे वाढवून द्यायच्या एका उपचाराला मंजुरी मिळालीय, ते खरं. पण ते रक्त दुसऱ्याच बाळाचं, म्हणजे डोनर आलाच की.

आणि मेसेजमधला तो लालभडक प्लेटचा फोटो ना, ते ब्लड अगार, म्हणजे रक्त मिसळलेलं जेल आहे, घशाच्या स्वॅबमधले बॅक्टेरिया वाढवायचं.